जॅकवर फोडलेलं जळण

आमच्या घरात जळण कशाने फोडायचं यावरून बापलेकांचं पाच-सहा वर्षं वाजत होतं. दोघांनाही वाटायचं, हा त्यांच्या दोघांमधला विषय आहे. चुलीपुढे मी बसत होते, बंब मी पेटवत होते, राख मी काढत होते. पण मला कधी कोणी काही विचारल्याचं आठवत नाही.

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा आमच्या ह्यांना कंपनीत लागून चार वर्षं झाली होती. मेंटेनन्सला फिटर. गावठाणाच्या कडेला एका जुन्या शेतकरी घराने गोठा पाडून पाच खोल्या ओळीने बांधल्या होत्या आणि भाड्याने दिल्या होत्या. त्यातली शेवटची आमची. पुढे सगळ्यांचं मिळून एक अंगण, अंगणापलीकडे मालकांचं घर. सासूबाई गेल्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाव सोडून आमच्याकडे आले, ते एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि आपली कुऱ्हाड घेऊन. सातारकडचा माणूस, साठी उलटलेली, अंगाने काटक. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. मग जळण फोडणं त्यांनी आपल्याकडे घेतलं.

त्या दिवसांत रॉकेलचे फार हाल होते. रेशनवर मिळायचं त्यात स्टोव्ह आठवडा-दहा दिवस चालायचा, पुढे चूल. गॅससाठी नाव घातलं होतं, पण नंबर कधी लागेल हे विचारायला गेलं की खिडकीतला माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच काही आगळीक केली आहे. त्यामुळे पिंपरीच्या रस्त्यावरच्या वखारीतून हातगाडी भरून लाकूड यायचं, बहुतेक बाभळीचं. वखारीत ते फोडूनही मिळायचं. मामंजींना तो अपमान वाटायचा.

"हात हायत न्हवं आपल्याला?" म्हणायचे.

आणि हात खरोखर चांगले होते. ओंडका उभा करायचे, त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, वरच्या तोंडावर चीर कुठे गेली आहे ती अंगठ्याने बघायचे आणि मग एकच घाव. दोन फाका दोन बाजूंना पडायच्या. गाठीचं लाकूड असलं तर त्यात लोखंडी पाचर बसवून वरून घण घालायचे. अंगणातल्या बायका पाणी भरता भरता थांबून बघायच्या. ते कोणाकडे बघायचे नाहीत, पण बघणारे आहेत हे त्यांना ठाऊक असायचं.

अडचण होती ती तिसऱ्या शिफ्टची. महिन्यातला एक आठवडा हे सकाळी साडेसातला घरी यायचे, अंघोळ करून, चहा पिऊन आडवे व्हायचे. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर पहिला घाव पडायचा. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच ती जागा होती. घण पडला की मांडणीवरची भांडी वाजायची.

"आबा, बारानंतर फोडा ना," हे अंथरुणातून उठून दारात यायचे.

"बारानंतर ऊन हुतंय."

"मग संध्याकाळी."

"सांजचं जळाण फोडत न्हाईत."

"का?"

"न्हाई फोडत."

हे परत आत यायचे आणि मला म्हणायचे, "तू सांग त्यांना." मी बाहेर गेले की मामंजी म्हणायचे, "त्याला सांग, कानात बोळा घाल." दोन पावलांच्या अंतरावर बसलेले हे दोघे आणि मध्ये मी निरोप्या. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोला, मला भात टाकायचाय." तर दोघेही आठ दिवस एकमेकांशी बोलेनासे झाले आणि माझे हेलपाटे दुप्पट झाले.

अशाच एका सकाळी ह्यांनी ठरवलं की आवाज न करता लाकूड फोडणारं यंत्र आपण बनवायचं.

कल्पना साधी होती. ट्रक उचलायचा हायड्रॉलिक जॅक घ्यायचा, लोखंडी चॅनलची चौकट करायची, चौकटीच्या एका टोकाला पोलादी पाचर पक्की करायची, आणि जॅकने लाकूड त्या पाचरीवर दाबायचं. कंपनीतून आल्यावर हे मला कागदावर आकृती काढून दाखवायचे. "दहा टनांचा जोर असतो," म्हणायचे. "तू नुसती दांडी वरखाली करायची. एका हाताने."

ते "तू" ऐकून मी कान टवकारले. आतापर्यंत फोडत होते मामंजी. यंत्र आलं की दांडी मी हलवायची, हे कधी ठरलं?

भंगारवाल्याकडून जॅक आला, चॅनल आलं, ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा आला, पाचर त्या पाट्याची होणार होती. हे सगळं घरात. दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसं, चूल, मोरी, मांडणी आणि आता ट्रकचा पाटा. माझं पाऊल त्याला लागलं नाही असा दिवस गेला नाही. गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. त्या गुरुवारांत माहेरी जाणं, बाजार, डॉक्टर, काहीही बसेना. ओळखीच्या वर्कशॉपात वेल्डिंग करायला हे सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे.

पहिलं यंत्र आडवं केलं होतं. ओंडका आडवा ठेवायचा आणि जॅक मागून रेटणार. सगळं जोडून झाल्यावर कळलं, जॅक आडवा केला की तेल ओढत नाही. दांडी नुसती खुळखुळायची. फिटर माणसाला हे आधी का कळलं नाही, असं मी विचारलं. ते मला विचारायला नको होतं. दोन दिवस जेवताना मान वर केली नाही त्यांनी. मामंजी मात्र त्या दिवसांत सारखे गुणगुणत होते.

मग यंत्र उभं झालं. खाली जॅक, त्यावर लोखंडी बैठक, बैठकीवर ओंडका उभा ठेवायचा आणि दांडी मारत मारत तो वरच्या पाचरीत चढवायचा. दिवाळीच्या आधी पहिलं लाकूड त्यावर फुटलं. मी तिथेच उभी होते. कर्रर्र असा बारीक आवाज आला, लाकडाला केसासारखी रेघ पडली, मग ती रुंदावत गेली आणि ओंडका उकलला. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. ह्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी सगळे गुरुवार माफ केले.

मामंजी आपल्या ठोकळ्यावर बसून बघत होते. "एक फुटलं," ते म्हणाले. उठले, कुऱ्हाड घेतली, आणि ह्यांनी दुसरा ओंडका बैठकीवर नीट बसवेपर्यंत त्यांनी चार फोडले.

पुढच्या आठवड्यात मला यंत्राची खरी ओळख झाली. जॅकचा दांडा जेमतेम सहा इंच वर यायचा. आंब्याचं सरळ लाकूड तेवढ्यात फुटायचं. बाभूळ चिवट. ती सहा इंच फाटायची आणि पुढचे धागे एकमेकांना धरून बसायचे. मग जॅक उतरवायचा, ओंडक्याखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून दांडी. शिवाय चौकटीत बसेल एवढाच ओंडका लागायचा, हातभर. वखारीतून यायचे ते दीड-दोन हातांचे. म्हणजे आधी करवतीने कापणं आलं. करवत दोघांनी ओढायची. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला कोण? मामंजी तर करवतीकडे बघायलाही तयार नव्हते.

"एवढं कापतुयास तर तेवढ्या येळात फोडून झालं असतं," ते म्हणायचे, आणि नेमकं तेच माझ्या मनात आलेलं असायचं, पण मामंजींच्या बाजूने बोललं की हे चिडणार, म्हणून मी गप्प बसून करवत ओढायची.

जॅक जुना, त्याचं सील गळायचं. तेल खाली झिरपायचं आणि फुटलेल्या फाका त्याच तेलात पडायच्या. ती फाटी चुलीत घातली की काळा, कडवट धूर. भाकरीला वास यायचा. मामंजींनी एक घास तोडला आणि ताट सरकवलं.

"भाकर हाय का गाडीचं चाक?"

ह्यांनी भाकरी हुंगली. "कुठे येतोय वास?" दिवसभर तेलात हात घालणाऱ्या माणसाला तो वास कसा येणार. मी दोघांसमोर ताटं ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. रडले नाही. भांडी फेकावीशी वाटत होती, पण ती मलाच गोळा करावी लागली असती.

अशी दोन वर्षं गेली. मामंजी कुऱ्हाडीने फोडायचे, हे सुट्टीला यंत्र दुरुस्त करायचे. मग मामंजींचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी काम बंद सांगितलं. जळणाचं आता काय, असा प्रश्न कोणालाच पडला नाही, कारण दोघांच्याही मते उत्तर घरात होतं. मी होते. जॅकने हात दुखून आले, स्वयंपाकाला उशीर व्हायला लागला, तेव्हा हे शिफ्टला गेल्यावर मी कुऱ्हाड उचलली. ती माझ्या हाताला जड होती, दांडा लांब होता. पहिल्या दिवशी पाच ओंडक्यांत तळहातांना फोड आले. मामंजी ठोकळ्यावर बसून सांगायचे, "पाय फाकव. तिकडनं न्हाई. चीर बघ आदी, मग मार." संध्याकाळी हे आले की म्हणायचे, "यंत्र असताना कुऱ्हाड कशाला?" सांगणारे दोन आणि फोडणारी एक.

त्या माघात घरमालकांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव दारातच, जेवणाची आचाऱ्याला सुपारी दिलेली, आणि त्याने गाडीभर फोडलेलं सरपण मागितलेलं. मालकांच्या मळ्यातला एक आंबा आणि दोन बाभळी पडल्या होत्या, त्या कापून अंगणात आणून टाकल्या. मालकीणबाई फोडणाऱ्या माणसाला निरोप धाडत होत्या, तेवढ्यात हे पुढे झाले.

"वहिनी, माणूस कशाला? आपलं यंत्र आहे. एका दिवसात फोडून देतो."

मी दारात होते. मी मान हलवून नको नको म्हणत होते. ह्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. यंत्र अंगणाच्या मधोमध आणलं. पाहुणे जमलेले, त्यांनी भोवती कडं केलं. आधी आंब्याचं लाकूड घेतलं आणि ते सुरेख फुटत गेलं. "लई भारी राव," कोणीतरी म्हणालं. दुपारपर्यंत आंबा संपला. मग बाभूळ सुरू झाली.

तिसऱ्या का चौथ्या ओंडक्यात गाठ होती. पाचर अर्ध्यात अडकली. हे दांडी मारत राहिले. चौकटीचं चॅनल डोळ्यांना दिसेल एवढं वाकलं. मामंजी बसल्या जागेवरून म्हणाले, "सोड. गाठ हाय." ह्यांनी सोडलं असतंही कदाचित, पण भोवती इतकी माणसं होती. त्यांनी आणखी एकदा सगळा भार दांडीवर टाकला. बार काढल्यासारखा आवाज झाला. वेल्डिंग उकललं, पाचर उसळून ह्यांच्या डाव्या मनगटावर बसली. हे मटकन खाली बसले. मनगट बघता बघता सुजलं. मालकांचा पुतण्या त्यांना सायकलवर बसवून पिंपरीला दवाखान्यात घेऊन गेला. मी निघाले होते, तर हे म्हणाले, "तू थांब इथे. लाकडाचं बघ." दुखण्याने ओठ पांढरे पडले होते आणि तरी लाकडाचं बघ.

मी वळून बघते तर मामंजी कुऱ्हाड घेऊन उभे. खांदा तसाच. कोणी अडवायच्या आत त्यांनी एक घाव घातला. कुऱ्हाड ओंडक्याच्या कडेवरून घसरली आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर जमिनीत रुतली. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, घाबरलेला आणि त्याहून जास्त शरमलेला.

मी जाऊन कुऱ्हाड घेतली. "मामंजी, बसा," एवढंच म्हटलं. पदर कमरेला खोचला आणि फोडायला लागले.

मांडवाचं काम करायला आलेले दहा-बारा बाप्ये भोवती होते. सगळ्यांनी मला कसं फोडायचं ते सांगितलं. एक म्हणाला वरून मारा, एक म्हणाला आडवं ठेवा. एकाने कुऱ्हाड मागून घेतली, दोन ओंडक्यांवर हात चालवला, तिसऱ्यात ती अडकली तशी मला परत दिली आणि पानाला चुना लावत बसला. घरची सून चारचौघांत लाकडं फोडते, अशी कुजबुज मांडवातल्या बायकांत सुरू झालेली मला ऐकू येत होती. मी कोणाकडे बघत नव्हते. मी चिरा बघत होते.

थोड्या वेळाने मालकीणबाई घरातून बाहेर आल्या. नवरीची आई, हाताला अजून हळद. त्यांनी एकदा त्या बाप्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आत जाऊन त्यांनी आपल्या घरातली कुऱ्हाड आणली, नऊवारीचा काचा आवळला आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"अवो, तुमी नवरीची आई," कोणीतरी म्हणालं.

"व्हय, म्हाईत हाय मला. उद्या जेवाया बसनार हायस न्हवं तू? मंग सरक तिकडं."

दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी फोडत होतो. एकदा त्या म्हणाल्या, "आमी ल्हानपनापास्नं हेच केलंय. तुला कुनी शिकवलं?" मी ठोकळ्यावर बसलेल्या मामंजींकडे बोट केलं. ते खाली मान घालून बसले होते.

हे हाताला प्लास्टर घालून आले. मला वाटलं विचारतील, सगळं झालं का, तू कशी आहेस. ते सरळ मोडलेल्या चौकटीजवळ गेले, उकललेला जोड उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "वेल्डिंगच खराब होतं. दुसऱ्याकडून करून घ्यायला हवं होतं."

तेवढ्यात मागून मामंजी मला म्हणाले, "घाव तिरपा पडतोय तुझा. म्हनून हात भरून येत्यात."

एकदा भात टाकताना चिडले होते ते सोडलं तर इतक्या वर्षांत मी त्या दोघांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. आवाज चढवला नाही, अंगात तेवढं त्राण नव्हतं. म्हटलं, "मामंजी, ही कुऱ्हाड तुमच्या मापाची आहे. अहो, ते यंत्र तुमच्या मापाचं आहे. फोडते मी. उद्यापासून भाकरीपुरतं फोडीन. बंबाचं ज्याचं त्याने बघावं."

आणि पेटवला नाही बंब. माघातल्या थंडीत एक आठवडा दोघांनी गार पाण्याने अंघोळ केली, एकाचा हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्याचा खांदा धरलेला. तांब्याचा आवाज आणि पाठोपाठ दोघांचे हुंकार मला आत ऐकू यायचे. कीव आली. पण उठले नाही.

आठव्या दिवशी सकाळी बघते तर दोघे अंगणात समोरासमोर बसलेले. मध्ये ट्रकच्या पाट्याचा उरलेला तुकडा.

"हिच्या हाताला किती वजन लागंल?" मामंजी विचारत होते.

"तुमच्या कुऱ्हाडीच्या निम्मं. थोडं जास्त."

"निम्म्यानं बाभळ फुटत न्हाई."

"धार बारीक ठेवू ना, आबा."

"बारीक धार गाठीत मोडतीय."

मला बोलावून कोणी विचारलं नाहीच. मीच जाऊन दोघांच्या मध्ये बसले, मामंजींची कुऱ्हाड उचलून दांड्यावर हात ठेवून दाखवला, इथपर्यंत लांब, याहून जास्त नको. हे लोहाराकडे जाऊन पातं घडवून घेऊन आले, मामंजींनी बोरीचा दांडा तासला. तीन दिवसांचं काम त्यांनी भांडत भांडत पंधरा दिवस केलं. पण कुऱ्हाड चांगली झाली. ती हातात घेतली आणि पहिल्यांदा मला कळलं की इतके दिवस निम्मी शक्ती नुसतं पातं वर उचलण्यातच जात होती. बंब पुन्हा पेटला. खांदा थोडा सुटल्यावर मामंजी बारकी फाटी फोडायला लागले, माझ्याच कुऱ्हाडीने. तिला ते "खेळनं" म्हणायचे.

मामंजी पुढे गावी परत गेले आणि तिथेच वारले. त्यानंतर वर्षभराने गॅस आला. आता चुलीवरच्या भाकरीची चव गेली, असं आमच्याकडे येणारे पाहुणे हळहळून म्हणतात. मला कधी तशी हळहळ वाटली नाही.

आम्ही स्वतःचं घर बांधायला घेतलं तेव्हा दरवाजाच्या चौकटींसाठी चाकणला एका लाकडाच्या वखारीत गेलो होतो. तिथे एका कोपऱ्यात बंद पडलेल्या कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसपासून केलेलं लाकूड फोडायचं यंत्र चालू होतं. मोटार, पंप, लांबलचक सिलिंडर, आडवा. हे चौकटी विसरून तिथेच उभे राहिले. पाऊण तास. वखारीच्या मालकाला लोखंडाची जाडी विचारली, वेल्डिंग विचारलं, वाकून खालून बघितलं.

"बाभळ चालते?" मी विचारलं.

"काय बी चालतंय, ताई. बघा तुमी," मालक म्हणाला आणि बाजूला झाला.

बाभळीचा गाठाळ ओंडका लावला होता. मी दांडी ओढली. सिलिंडर सरकत आला, ओंडका क्षणभर कुरकुरला आणि गाठीतून सरळ दुभंगला. माझ्या मनगटाला काही जाणवलंसुद्धा नाही.

हे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मला फक्त राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. ह्यांचा नव्हता, मामंजींचाही नव्हता. एक दांडी ओढण्याइतकं सोपं काम होतं, आणि त्याच्यापायी मी कितीतरी सकाळी पाठ धरून उठले होते.

"चौकटी बघू या," मी म्हटलं. "एसटी चुकेल."

एसटी मिळाली. खिडकीशी बसल्यावर ह्यांनी खिशातून कागद काढला आणि मालकाने सांगितलेली मापं लिहून ठेवायला लागले. कशासाठी ते मी विचारलं नाही. घरी गॅस होता.